एमएक्स-५ ला वेगळे ब्रेक पॅड: निवडण्यापासून रुळवण्यापर्यंत

नोव्हेंबरातली सकाळ, बाहेर ३ अंश, वर रिमझिम. घरापासून चारशे मीटरवर पहिला राउंडअबाउट. नेहमीच्या जागी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी तशीच पुढे. पेडल दगडासारखं घट्ट होतं, म्हणजे ब्रेक फेल नव्हते. गाडीला थांबायची इच्छाच नव्हती. दुप्पट जोर लावला तेव्हा पांढरी रेष ओलांडून हातभर पुढे जाऊन उभी राहिली. आदल्या रविवारी मोठ्या हौसेने बसवलेले पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून थांबवणारे तुकडे, ट्रॅकवरच्या शर्यतीसाठीचे होते. तापले की ते भिंतीसारखं अडवतात, पण ऑफिसला जाताना, गार आणि ओल्या डिस्कवर, ते अजून अंथरुणातच असतात.

पुढच्याच रविवारी ते काढले. तेव्हापासून या गाडीचे पॅड मी चार वेळा बदलले, ओळखीतल्यांच्या गाड्यांनाही हात लावला. माझं मत असं झालंय की या कामात पाना फिरवण्याचा भाग सगळ्यात सोपा आहे. फसतो माणूस तीन ठिकाणी: पॅड निवडताना, गंज साफ करण्याचा कंटाळा करताना आणि बसवून झाल्यावर घाईघाईत गाडी दामटताना. म्हणून या तिन्हींवर जास्त लिहितोय.

गाडी कोणती ते आधी सांगतो. माझदा एमएक्स-५, दुसरी पिढी, ज्याला सगळे 'एनबी' म्हणतात. ही १९९८ ते २००५ या काळात निघाली. माझी १.८ लिटरची आहे. १९८९ मध्ये पहिली एमएक्स-५ आली तेव्हापासून हलकी, दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी ही गाडी जगात सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. मी राहतो इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत. जुनी एमएक्स-५ इथे परवडते, सुटे भाग कुठेही मिळतात आणि घरासमोर काम करता येतं. वेगळी गाडी असेल तर पुढच्या चाकांचं बरंचसं काम असंच होईल, मागचं मात्र वेगळं असू शकतं. ते त्या-त्या जागी सांगेन. तुमच्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल जवळ हवंच. ब्रेकचे बोल्ट किती आवळायचे हे कोणाच्या लेखावरून ठरवू नये, माझ्यासुद्धा.

पॅड निवडताना

गाडी, मी आणि डिकीतलं सामान मिळून १२०० किलो धरा. ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबायचं तर साधारण ४६० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्यात नळाचं जवळजवळ १.४ लिटर पाणी उकळतं. दहा-बारा कप चहाचं आधण, तेही तीन-चार सेकंदांत, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर. रस्त्यावर असं क्वचित होतं आणि मध्ये गार व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर दर मिनिटाला दोन-तीनदा होतं. वेल्सच्या डोंगरातून किंवा आपल्या ताम्हिणीतून खाली उतरताना जो फक्त ब्रेकवर गाडी सोडतो, त्याचंही काहीसं तसंच.

पॅड त्याच्या सोसण्यापलीकडे तापला की पकड सोडतो. पेडल घट्ट असतं, गाडी थांबत नाही. याला 'फेड' म्हणतात. ब्रेक ऑइल उकळलं तर खूण उलटी: पेडल मऊ होऊन खाली जातं, कारण पाइपात वाफ झालेली असते आणि वाफ दाबली जाते. हा फरक लक्षात ठेवा. पेडल स्पंजसारखं होत असेल तर महागडे पॅड घेऊन काहीही साधणार नाही, ऑइल बदला. ब्रेक ऑइलचे दर्जे 'डॉट' या नावाने ओळखतात. डॉट ४ चं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत तग धरतं. हवेतलं पाणी शोषून ते जुनं झालं की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. माझा सल्ला असा की दोन वर्षांत ऑइल बदललं नसेल तर पैसे आधी तिथे घाला. डॉट ५.१ ची ताजी मर्यादा २६० आहे आणि ते डॉट ४ च्या जागी चालतं. नुसतं डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात कधीही मिसळू नये. नावं इतकी सारखी ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

आता पॅडच. बऱ्याच पॅडच्या कडेवर आकड्यांच्या रांगेत दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, 'ई', 'एफ', 'जी' अशांपैकी. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. दोन्ही 'एफ' असतील तर पॅड गार-गरम सारखाच वागतो. रोजच्या गाडीला मला तेच आवडतं. पण ही अक्षरं प्रयोगशाळेतल्या छोट्या तुकड्यावरून ठरतात. पॅड किती टिकेल, किती किंचाळेल, पायाखाली कसा वाटेल, यातलं ती काही सांगत नाहीत.

ब्रिटन आणि युरोपात दुसरी खूण शोधायची ती 'आर ९०'ची. हा नियम पाळणारा पॅड मूळ पॅडच्या १५ टक्के इकडे-तिकडे राहूनच वागला पाहिजे. खोक्यावर आणि पॅडच्या पाठीवर 'ई' आणि आकडा असलेला शिक्का असतो. ट्रॅकच्या पॅडवर तो बहुतेकदा नसतो, आणि माझ्या त्या पहिल्या जोडीवर नव्हता. मी पाहिलंच नव्हतं. मूळचे नसलेले पॅड घालताय हे विमा कंपनीला कळवून टाका. फोनवरची पाच मिनिटं, पण अपघातानंतरचा वाद टळतो.

नावांबद्दल थोडं. इथल्या एमएक्स-५ वाल्यांच्या तोंडी ईबीसी, मिंटेक्स आणि फेरोडो ही तीन नावं सतत असतात. ईबीसीत रंगांवरून प्रकार आहेत: 'ग्रीनस्टफ', 'रेडस्टफ', 'यलोस्टफ'. रेडस्टफची ख्याती चाकांवर कमी काजळी टाकण्यासाठी, तर यलोस्टफ अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी. मिंटेक्सचा एम११४४ हा जोरात चालवणाऱ्यांचा, पण रस्त्यावरचा पॅड; मी सध्या तोच वापरतो, कारण सकाळी पहिल्या राउंडअबाउटलाही तो जागा असतो. फेरोडोच्या नावाची गंमत अशी की १८९७ मध्ये डर्बिशरमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी ही कंपनी काढली आणि 'फ्रूड'ची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातलं 'ई' घातलं. झालं 'फेरोडो'.

एक गोष्ट मात्र हट्टाने पाळा. पुढे आणि मागे एकाच जातीचे पॅड घ्या. पैसे वाचवायचेच तर पुढे चांगले आणि मागे साधे एक वेळ चालेल. पण मागे जास्त पकड आणि पुढे कमी, असं कधीही करू नका. जोरात ब्रेक मारताना मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गरकन फिरते, आणि जुन्या एनबींपैकी अनेकींना एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही.

आधी जमवाजमव

चार चाकांना पहिल्यांदा हात लावत असाल तर अख्खी सकाळ हाताशी ठेवा. शेजारी असा कोणी असेल ज्याने हे काम आधी केलंय, तर उत्तमच. लागणाऱ्या वस्तू: चांगला ट्रॉली जॅक, दोन अ‍ॅक्सल स्टँड, चाकाखाली घालायला लाकडी ठोकळे, चाकाच्या नटांसाठी २१ मिमीचा सॉकेट, १४ मिमीचा पाना, ४ मिमीची अ‍ॅलन की, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना), जी-क्लॅम्प (स्क्रूने दाबणारा शिकंजा), तारेचा ब्रश, बारीक कानस, पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, सिलिकॉनचं किंवा सिरॅमिकचं ब्रेक ग्रीस, जाड तारेचा तुकडा, चिंध्या, हातमोजे आणि तोंडाला मास्क.

मास्क हौसेचा नाही. पूर्वी पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ब्रिटनमध्ये त्यावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी आली, पण आजच्या पॅडची भुकटीही फुफ्फुसात जायची वस्तू नव्हे. कॉम्प्रेसरच्या हवेने कॅलिपर, म्हणजे पॅड धरून पिस्टनने डिस्कवर दाबणारा चिमटा, झटकण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे, ती उचलू नका. स्प्रे मारून ओलं करा आणि चिंधीने पुसा.

सपाट, कडक जमीन निवडा. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. आधी पुढची बाजू, तेव्हा हँडब्रेक वर आणि मागच्या चाकांना ठोकळे. मागची बाजू करताना हँडब्रेक सोडावा लागतो आणि इथे नवखा माणूस अडकतो: एमएक्स-५ मागच्या चाकांवर चालते, म्हणजे मागची चाकं हवेत गेली की गाडी गिअरमध्ये ठेवूनही उपयोग शून्य. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे घाला. गाडी नेहमी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. स्टँडवर ठेवल्यावर दोन्ही हातांनी चांगली हलवून बघा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच पडू दे.

पुढची चाकं

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तुमचा नमुना आहे. कोणती पत्ती कुठे होती हे विसरलात तर तिकडे जाऊन बघता येतं. फोनने फोटो काढाच, तरी हा नियम पाळा.

चाक काढून स्टिअरिंग असं वळवा की कॅलिपर बाहेरच्या बाजूला येईल. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करा आणि भोवती चिंधी गुंडाळा. पिस्टन मागे रेटला की टाकीतली पातळी चढते, आणि हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उतरवतं. सांडलंच तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढा, कॅलिपर वरच्या पिनवर दारासारखा उचलला जातो. तारेने वर बांधून ठेवा. पूर्ण सुटा करावा लागला तरी रबरी होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लटकू देऊ नका. होज बाहेरून ठीक दिसतो आणि आतून चिरतो. आता जुने पॅड, पॅडमागच्या स्टीलच्या पातळ पत्त्या आणि पॅडना एकमेकांपासून दूर ठेवणारी तारेची स्प्रिंग हे सगळं जसं निघेल त्याच क्रमाने कापडावर मांडा. आतला पॅड, बाहेरचा पॅड, वरचं, खालचं. लहानपणी पिंपरीत वडील स्कूटर उघडायचे तेव्हा वर्तमानपत्रावर असंच मांडायचे आणि आम्हा मुलांना त्या कागदाला पाय लावायला बंदी होती.

जुन्या पॅडची जाडी मोजा. आतला आणि बाहेरचा जवळपास सारखे झिजलेले असतील तर कॅलिपर नीट सरकतोय. एक कागदासारखा आणि दुसरा निम्मा शिल्लक असेल, तर सरकपिना, म्हणजे ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या पिना, अडकल्यात. नवे पॅडही तसेच जातील. इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत पॅड १.५ मिमीखाली दिसला तर गाडी नापास होतेच, शिवाय धोकादायक म्हणून नोंदवतात. मी ३ मिमीला बदलतो.

डिस्ककडेही बघा. किती जाडीखाली जाऊ नये हे डिस्कवरच कोरलेलं असतं, गंज घासला की दिसतं. माझ्या गाडीत पुढची नवी डिस्क २० मिमी जाड आणि किमान १८. व्हर्नियर मापीने मोजताना कडेचा गंजलेला कंगोरा टाळून आत मोजा. जाडी ठीक, भेग नाही, खोल चर नाहीत, पेडल थरथरत नाही, तर तीच डिस्क चालेल. पण आधीच्या पॅडच्या मसाल्याचा, म्हणजे घासणाऱ्या मिश्रणाचा, एक पातळ थर तिच्यावर चढलेला असतो, आणि नव्या जातीच्या पॅडचं त्याच्याशी जमेलच असं नाही. पॉलिश पेपरने गोल-गोल, दिशा बदलत चमक मोडा, मग ब्रेक क्लीनरने पुसा. चिंधी काळी यायची थांबेपर्यंत.

आता ते काम, जे सगळे टाळतात. पॅडचे दोन 'कान' कॅलिपरच्या ब्रॅकेटमध्ये ज्या खाचांत बसतात, तिथे स्टेनलेसच्या छोट्या पत्त्या असतात. त्या काढा. खाली गंजाची पापुद्र्यावर पापुद्रा चढलेली खपली दिसेल. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे ही खपली फार जोमाने वाढते. पुण्यात तिची जागा पावसाळ्यातला चिखल घेतो. खपली पत्तीला आत ढकलते, खाच अरुंद होते आणि नवा पॅड ठोकून बसवावा लागतो. ठोकून बसला म्हणजे तो मागे सरकणार नाही, डिस्कला चिकटून राहणार, तापणार, एका बाजूने झिजणार. 'नवे पॅड घातल्यापासून चाक जड फिरतं' या तक्रारींमागे बहुतेकदा हीच अर्ध्या मिलिमीटरची खपली असते.

तारेच्या ब्रशने खपली उडवा, मग कानस अगदी हलक्या हाताने. धातू खायचा नाही, फक्त गंज. पांढरा धातू दिसला की थांबा. पत्त्या परत बसवा आणि पॅड नुसत्या बोटांनी खाचेत सरकवून बघा. अडतोय? मग पॅडचे कान बघा. बाजारातल्या पॅडना पावडर कोटिंगचा जाड रंग असतो आणि कानांच्या कडेवर तो कधी ओघळून साठतो. माझ्या दुसऱ्या जोडीत चारपैकी एका पॅडवर असा ओघळ होता. कानसेचे सहा-सात हात मारले, काळा रंग निघून खाली करडं पोलाद दिसलं, आणि पॅड आपल्या वजनाने खाचेत घरंगळला. असाच सरकला पाहिजे. सैल खुळखुळता नको, ठोकाठोकी नको.

सरकपिना बाहेर ओढून पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. साधं पेट्रोलियमवालं ग्रीस रबराला फुगवतं, ते नको. पिस्टनभोवतीचं रबरी बूट (आवरण) फाटलेलं असेल तर काम तिथेच थांबवा, आधी कॅलिपर दुरुस्त करा. बूट धड असेल तर जुना पॅड पिस्टनवर आडवा धरून जी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. पिस्टन एकसारखा आत जायला हवा. मधूनच टाकीकडे लक्ष. काठोकाठ आली तर स्वच्छ पिचकारीने थोडं ऑइल काढून घ्या.

पॅडच्या पाठीला, जिथे पत्ती आणि पिस्टन टेकतो तिथे, आणि कानांना ग्रीसचं नुसतं बोट. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला काहीही लागता कामा नये, बोटांचे ठसेसुद्धा मी क्लीनरने पुसतो. झीज कळवणारी किंचाळणारी पत्ती असलेला पॅड जुना जिथे होता तिथेच जाऊ दे. स्प्रिंग परत, कॅलिपर खाली, बोल्ट टॉर्क रेंचने. माझ्या मॅन्युअलात हा पुढचा बोल्ट ७८ ते ८८ न्यूटन-मीटर आहे. तुमच्या वर्षाचा आकडा तुमच्या मॅन्युअलातून घ्या.

मागची चाकं आणि लपलेला स्क्रू

पुढचं करून आलेला आत्मविश्वास मागे घात करतो. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनला जोडलेली आहे. इथे जी-क्लॅम्प लावून जोर केलात तर पिस्टन हलणार नाही, आणि फारच जोर केलात तर आतला भाग मोडेल. एका मित्राने रात्री नऊ वाजता मला फोन केला होता, 'अरे, पिस्टन जामच आहे, हातोडा घेऊ का?' हातोडा ठेव, चहा टाक, मी येतो, म्हटलं.

हँडब्रेक पूर्ण खाली सोडा. कॅलिपरच्या आतल्या बाजूला, म्हणजे गाडीच्या पोटाकडे, १४ मिमीचा एक बोल्ट दिसेल. तो काही धरून ठेवत नाही. ते नुसतं झाकण आहे. काढा. आतल्या भोकात बहुतेकदा गंजाची भुकटी असते. ती उकरून, क्लीनर मारून स्वच्छ करा, नाहीतर अ‍ॅलन की अर्धीच बसेल आणि स्क्रूचे कोपरे गोल होतील. ४ मिमीची की पूर्ण आत टेकल्याची खात्री करा आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पिस्टन आपोआप आत जाऊ लागतो. हळू फिरवा. अडलं तर गंज सोडवणारं तेल टाकून दहा मिनिटं थांबा, थोडं पुढे-मागे करत सोडवा. रबरी बूट पिळवटत नाही ना, तेवढं बघत राहा.

बाकी साफसफाई पुढच्यासारखीच, उलट मागच्या खाचा जास्त गंजतात. पॅड बसवून कॅलिपर बंद झाल्यावर परत त्या स्क्रूकडे या. आता घड्याळाच्या दिशेने, डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत. मग मागे, एक तृतीयांश फेरा. एवढाच. डिस्क फिरवून बघा. पॅड हलका घासल्याचा आवाज आला तर चालेल, अडली तर नाही. झाकणाचा बोल्ट परत लावा आणि बेताने आवळा, छोटा आहे. मागच्या कॅलिपरचा बोल्ट माझ्या मॅन्युअलात ३४ ते ३९ न्यूटन-मीटर, म्हणजे पुढच्याच्या निम्म्याहून कमी. पुढच्याच जोराने आवळून आटे घालवणारे आहेत.

हे समायोजन न करता पॅड बसवले तर हँडब्रेकचा दांडा छताकडे जातो. मग लोक केबल ताणत बसतात, आणि चूक आणखी खोल जाते. आधी हा स्क्रू, केबल नंतर, तीही गरज पडली तरच.

वेगळी गाडी असेल तर: बऱ्याच गाड्यांत मागचा पिस्टन खास हत्याराने गोल फिरवत आत घालावा लागतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्यांत आधी तो सर्व्हिस मोडमध्ये घालावा लागतो, नाहीतर मोटर मरते. आणि भारतातल्या बहुतेक हॅचबॅकना मागे ड्रमच असतात; तिथे पॅड फक्त पुढे.

इंजिन चालू करण्याआधी

चाकं लावा, नट समोरासमोरच्या जोडीने आवळा, गाडी खाली आल्यावर टॉर्क रेंच. एमएक्स-५ ला ८८ ते ११८ न्यूटन-मीटर; मी १०० वर ठेवतो.

मग सीटवर बसून पेडल दाबा. पहिल्यांदा ते जमिनीला टेकेल. घाबरू नका, तुम्ही पिस्टन मागे ढकललेत, आता ते पुढे यायला हवेत. हळूहळू दाबत राहा, पाच-सहा वेळा, पेडल घट्ट होईपर्यंत. हे विसरून गाडी रिव्हर्स घेणारे लोक असतात. मी एकदा घेतली आहे. शेजाऱ्याच्या कुंपणाच्या वीतभर अलीकडे हँडब्रेकने वाचवलं. आता पाना हातातून खाली ठेवण्याआधी पेडल मारतो.

टाकीतली पातळी बघून झाकण घट्ट करा. हँडब्रेक ओढून 'कट्‌कट्' मोजा, माझ्याकडे पाच ते सात येतात. पातळी आपोआप ठीक आली असेल तर वरून ऑइल ओतायची गरज नसते.

रुळवणं

नवा पॅड आणि डिस्क यांची गाठ पडायला वेळ लागतो. पॅडचा पृष्ठभाग डिस्कच्या झिजेबरहुकूम बसायला हवा आणि त्याच्या मसाल्याचा एकसारखा पातळ थर डिस्कवर चढायला हवा. इथे त्याला 'बेडिंग इन' म्हणतात. खोक्यात कंपनीची पद्धत असते, तीच पाळा. काही पॅडवर डिस्क घासून घेणारा खास थर असतो आणि त्यांची पद्धत निराळी असते.

माझी ढोबळ पद्धत अशी. आमच्याजवळ औद्योगिक वसाहतीतला एक सरळ रस्ता रविवारी पहाटे सामसूम असतो. मागे कोणी नाही हे आरशात बघून ताशी ३५ मैलांवरून, म्हणजे साधारण ५५ किलोमीटरवरून, मध्यम जोराने ब्रेक लावत चालण्याच्या वेगापर्यंत यायचं आणि पूर्ण न थांबता पुन्हा वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा. मग ४० ते ४५ मैलांवरून दोन-तीनदा जास्त जोराने, चाकं लॉक होऊ न देता. या वेळी थोडा जळका वास येतो, क्वचित चाकातून धुराची रेघही दिसते. त्यानंतर ब्रेकला फारसा हात न लावता दहा-पंधरा मिनिटं चालवत राहायचं.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: गरम ब्रेकसह सिग्नलला पाय दाबून उभं राहणं, किंवा घरी येऊन लगेच हँडब्रेक ओढणं. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी मसाल्याचा ठसा सोडतो. पुढे त्या ठशावरून पॅड गेला की पेडल थरथरतं, आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेकदा डिस्क वाकलेली नसते, ठसा उमटलेला असतो. सपाट जागी गिअरमध्ये गाडी लावा, चाकाला ठोकळा द्या, पूर्ण गार झाल्यावर हँडब्रेक.

पहिले दोनशे मैल जपून. ५० मैलांनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, टाकीची पातळी बघा, आणि एखाद्या फेरीनंतर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, स्पर्श न करता. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर तिथला पॅड अडकतोय, परत उघडा. कमी वेगात हलकी किंचाळी आली तर बहुतेक वेळा पाठीमागची पत्ती राहिलेली असते किंवा ग्रीस लागलेलं नसतं. जास्त धातू असलेला पॅड घेतला असेल तर थोडी किंचाळी गृहीत धरा आणि गाण्याचा आवाज वाढवा.

काढलेलं ऑइल नाल्यात ओतायचं नाही, आमच्याकडे नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्रात घेतात. आणि जुने पॅड निम्मे शिल्लक असतील तर टाकू नका. माझे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आहेत, प्रत्येकाच्या पाठीवर खडूने 'डावा आत', 'उजवा बाहेर' असं लिहिलेलं. ट्रॅकवर जायचं त्या दिवशी डबा डिकीत जातो, शेजारी जी-क्लॅम्प आणि ४ मिमीची की.